घर केवढे? पाहुण्यांना विचारा

दोन हजारांना एक रुपया कमी. 2014 च्या ऑगस्टमध्ये इंटेक्सने ‘क्लाउड एफएक्स’ हा फोन या किमतीला बाजारात आणला आणि देशातला सर्वांत स्वस्त स्मार्टफोन म्हणून त्याचा गाजावाजा झाला. आत मोझिलाची ‘फायरफॉक्स ओएस’ ही नवी प्रणाली होती. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन वाड्यांच्या बाहेर, कोणाच्याच मालकीची नसलेली खुल्या वेबची वस्ती उभी करायची, असा मोझिलाचा मनसुबा. त्याच वर्षी फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या मोबाइल मेळ्यात 25 डॉलरच्या फोनची घोषणा झाली होती; क्लाउड एफएक्स हा तिचाच देशी अवतार. रॅम 128 एमबी, थ्रीजी नाही, कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात मोझिलाने फोनचा उद्योग गुंडाळला.

मयताचे कारण सांगायला माणसे लगेच जमतात. इथेही निदान ठरून गेले: यंत्र दुबळे होते, म्हणून प्रणाली दगावली. नवी प्रणाली रुजवायची तर पहिला फोन असा दणकट हवा, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे. फोन विकणाऱ्यांना हे निदान सोयीचे आहे, कारण रॅमचा आकडा खोक्यावर छापता येतो. पण ज्या फोनपासून सगळा इतिहास मोजला जातो, त्या 2007 च्या पहिल्या आयफोनची रॅम किती होती? 128 एमबी. क्लाउड एफएक्सएवढीच. प्रोसेसर 412 मेगाहर्ट्झवर चालायचा. सात वर्षांनी आलेल्या दोन हजारी फोनच्या खोक्यावर एक गिगाहर्ट्झ लिहिलेले होते.

आयफोन त्या वेळच्या बाजारातही आकड्यांचा पैलवान नव्हता. नोकियाच्या एन95 मध्ये पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, व्हिडिओ होता, थ्रीजी होते, जीपीएस होते. आयफोनचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, त्यात व्हिडिओ नाही; नेट टूजीवर; मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोयही नाही. जी काही ताकद होती ती ॲपलने एका जागी ओतली. काचेवर बोट फिरले की खालचे चित्र बोटाला चिकटल्यासारखे सरकले पाहिजे. ती काच आणि तिच्यामागे चित्र हलवणारी चिप, यांत कंजुषी केली नाही. बाकी ठिकाणी खुशाल केली. आणखी एक गोष्ट होती, जी सहसा सांगितली जात नाही. त्या घरात पाहुण्यांना बंदी होती. पहिले वर्षभर बाहेरचे एकही ॲप आयफोनवर राजरोस चढवता येत नव्हते. होती ती सगळी ॲपलची स्वतःची, बेताने कापड कापून शिवलेली. घरचीच चार माणसे असली की दोन खोल्यांत निभते, तसे 128 एमबीत निभले.

2008 च्या जुलैत ॲप स्टोअर उघडले. आरंभी पाचशेच्या आसपास ॲप्स. दार उघडले आणि घर अपुरे पडू लागले. 2009 च्या आयफोन थ्रीजीएसमध्ये रॅम दुप्पट करावी लागली. त्याआधीच्या आयफोन थ्रीजीत 128 एमबीच होती. 2010 मध्ये त्यावर आयओएस 4 चढवणाऱ्यांचे फोन असे रखडले, की हौशीने घेतलेला फोन अनेकांनी कपाळाला हात लावून खिशात ठेवला. आपल्याकडे हाच थ्रीजी 2008 मध्ये 31 हजारांना आला होता, म्हणजे कपाळाला हात लावायला कारणही पुरेसे होते.

तेव्हा नव्या प्रणालीला ताकदवान यंत्र लागते का, हा प्रश्न आधी जरा सरळ करून घ्यायला हवा. प्रणालीला स्वतःला फार थोडे लागते. लागते ते तिच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना. अंथरूण पाहून पाय पसरणे यजमानाला जमते. पाहुण्याचे पाय किती लांब असावेत, हे त्याच्या हातात नसते. आणि पाहुण्यांना बंदी असलेले 2007 चे घर 2014 मध्ये कोणालाच बांधता येणार नव्हते. तोवर लोक फोन घेत होते तेच मुळी पाहुण्यांसाठी.

फायरफॉक्सचा घोटाळा या हिशेबात दुहेरी होता. वेब हलके, म्हणून वेबवर चालणारी प्रणाली गरिबाच्या यंत्रावर धावेल, असे गृहीत धरले गेले. वस्तुस्थिती उलटी होती. फायरफॉक्स ओएसवरचे प्रत्येक ॲप म्हणजे एक वेबपान. ते उघडताना ब्राउझरच्या इंजिनाला मजकूर वाचायचा, मांडणी करायची, आतला जावास्क्रिप्ट चालवायचा, हे सारे करावे लागे. त्याच यंत्रासाठी थेट लिहिलेल्या ॲपपेक्षा हे काम जड. 128 एमबीतली बरीच जागा इंजिनच बळकावायचे. उरलेल्यात एक ॲप बसले की मागचे बंद करावे लागायचे. खुल्या वेबचा झेंडा चांगला होता, पण काठी नेमकी सर्वांत वजनदार निवडली होती. आणि एवढे करून अधिकृत व्हॉट्सॲप नव्हतेच. भारतात 2014 मध्ये स्मार्टफोन काढायचा आणि त्यात व्हॉट्सॲप नाही, म्हणजे लग्नाचा मांडव घालून वाजंत्री न सांगण्यासारखे. वऱ्हाडी येतीलही, पण थांबायचे कशासाठी?

मायक्रोसॉफ्टची गोष्ट यात सर्वांत बोलकी आहे. विंडोज फोन ही मोजक्या साधनांत टापटीप चालणारी प्रणाली. अँड्रॉइडवाले दोन कोअर, चार कोअर मिरवत असताना ही प्रणाली असलेले नोकियाचे सुरुवातीचे ल्युमिया फोन एका कोअरवर लोण्यासारखे सरकायचे. ज्यांनी वापरले ते अजून हळहळतात. 2013 मध्ये ल्युमिया 520 आला. साडेदहा हजारांच्या आसपास किंमत, 512 एमबी रॅम, बदलता येतील अशा रंगीत पाठी. विंडोज फोनमध्ये सर्वांत जास्त खपलेला तोच. यजमान खूश. पण त्याच सुमारास ‘टेम्पल रन’ हा तेव्हा शाळकरी पोरांपासून बँकेच्या कॅशियरपर्यंत सगळ्यांना लागलेला खेळ विंडोज फोनवर आला, आणि त्याची अट होती एक जीबी रॅमची! ज्या फोनच्या जिवावर प्रणाली वाढत होती, नेमका त्यालाच खेळ नाही. पुढे 512 एमबीवर चालणारी आवृत्ती निघाली. ती निघेपर्यंत काउंटरवरच्या पोराने गिऱ्हाइकापुढे अँड्रॉइड ठेवलाही असेल.

आणि खेळ हा तसा किरकोळ पाहुणा. यूट्यूबचे ॲप मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवून घेतले, तर 2013 च्या ऑगस्टमध्ये गुगलने त्याची वाट अडवली. इन्स्टाग्राम त्या नोव्हेंबरात आले, तेही बीटा अवस्थेत. स्नॅपचॅट आलेच नाही. महागड्या ल्युमियांत ताकदीची काही उणीव होती असे नाही. 1020 मध्ये 41 मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, आणि तो बाजारात आला तेव्हा त्याने काढलेले फोटो टाकायला इन्स्टाग्राम नव्हते. 2015 च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने नोकियाकडून घेतलेल्या फोनधंद्यापोटी 7.6 अब्ज डॉलर बुडीत मांडले.

केवळ ताकदीच्या भरवशावर उतरलेल्यांची यादी काढली तर जागा पुरणार नाही. ब्लॅकबेरीचा झेड10 भारतात 43,490 रुपयांना आला आणि गोदामात राहिला. ॲमेझॉनने 2014 च्या जुलैत फायर फोन आणला; त्या काळची वरच्या दर्जाची स्नॅपड्रॅगन 800 चिप, दोन जीबी रॅम, शिवाय बघणाऱ्याचा चेहरा टिपून चित्राला खोली देणारे चार जादा कॅमेरे. अमेरिकेत कराराबरोबर 199 डॉलरला मिळणारा हा फोन सप्टेंबरात 99 सेंटला मिळू लागला, आणि त्यापोटी 17 कोटी डॉलरचा फटका कंपनीने ऑक्टोबरात हिशेबात दाखवला. चार कॅमेरे चेहऱ्याकडे बघत होते आणि चेहरा गुगल मॅप्स शोधत होता.

उबुंटू या प्रणालीचा किस्सा तर तत्त्वाचाच. कॅनॉनिकल कंपनीने 2013 मध्ये ‘उबुंटू एज’ नावाच्या फोनसाठी लोकांकडे तीन कोटी वीस लाख डॉलर मागितले. चार जीबी रॅम, 128 जीबी साठवण, नीलमणी स्फटिकाची काच. मॉनिटरला जोडला की हाच फोन संगणक होणार. त्या वर्षी हे आकडे ऐकून तांत्रिक मंडळींच्या तोंडाला पाणी सुटले. सव्वा कोटीच्या वर डॉलर बोलले गेले. लोकवर्गणीसाठी तो मोठाच आकडा होता, पण उद्दिष्ट फार दूर राहिले, पैसे परत गेले, फोन जन्मलाच नाही. उबुंटूचा जो पहिला फोन 2015 मध्ये युरोपात प्रत्यक्ष विकला गेला तो स्पेनच्या बीक्यू कंपनीचा, एक जीबी रॅमचा, 170 युरोंचा साधा फोन. तोही चालला नाही. म्हणजे एकाच प्रणालीने स्वप्नात राजवाडा आणि प्रत्यक्षात चाळीतली खोली अशी दोन्ही घरे करून पाहिली, आणि पाहुणे दोन्हीकडे फिरकले नाहीत. 2017 च्या एप्रिलमध्ये कॅनॉनिकलने नाद सोडला.

खालची पट्टी मात्र असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडचा ‘आकाश’ टॅब्लेट आठवा. 2011 च्या ऑक्टोबरात विद्यार्थ्यांसाठी वाजतगाजत आलेला, सरकारला सव्वादोन हजारांच्या आसपास पडलेला. 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, आणि स्पर्श न ओळखता दाब ओळखणारी काच. नखाने टोचावे तेव्हा हालचाल. तिथे पाहुण्यांचा प्रश्नच आला नाही, घरचेच उंबऱ्यात अडखळत होते. इतक्या खाली गेल्यावर कोणतीही प्रणाली वाचत नाही. पण त्या पट्टीच्या वर एक पायरी चढलात, की पुढच्या दहा पायऱ्यांचा उपयोग झपाट्याने कमी होतो.

ही एक पायरी चढण्याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. मोझिलाने टाकून दिलेल्या फायरफॉक्स ओएसच्या कोडमधून ‘कायओएस’ निघाली, आणि 21 जुलै 2017 रोजी मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत तीच प्रणाली पोटात असलेला जिओफोन दाखवण्यात आला. दीड हजार रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. पडदा 2.4 इंची, खाली बटणे. रॅम 512 एमबी. क्लाउड एफएक्सच्या चौपट, पण 2017 च्या बाजारात तीन-चार जीबीच्या फोनांपुढे अगदीच केविलवाणी. पुढे कंपनीने दहा कोटींहून अधिक जिओफोन विकल्याचे सांगितले. अँड्रॉइड आणि आयफोनच्या बाहेरची एखादी प्रणाली गेल्या दशकात भारतात इतक्या खिशांत शिरल्याचे दुसरे उदाहरण नाही.

काय बदलले होते? जिओचे जाळे निव्वळ फोरजीचे. टूजीचा साधा डबडा फोन त्यावर बोलूच शकत नव्हता, आणि देशातले कोट्यवधी लोक तोच डबडा वापरत होते. म्हणजे कंपनीला प्रणाली विकायची नव्हतीच. तिला सिम विकायचे होते आणि सिमला घर हवे होते. म्हणून काटकसर कुठे करायची हे नेमके ठरले: टचच्या काचेवर केली, फोरजीवर केली नाही. बटणांची सवय असलेल्या हातांना बटणेच दिली. शेतावरून परतलेल्या माणसाला किंवा नाकावर चष्मा चढवून नंबर शोधणाऱ्या आजीला नवे काही शिकावे लागले नाही. मोझिलाने उलटे केले होते. टचची काच दिली, थ्रीजी काढून घेतले. म्हणजे खिडकी मोठी ठेवली आणि समोर भिंत बांधली.

तरी वर्षभर एक प्रश्न जिओफोनचा पाठलाग करत राहिला: यात व्हॉट्सॲप चालतं का? 2018 च्या सप्टेंबरात ते आले. मोठ्या फोनावरचे जसेच्या तसे आले नाही. 512 एमबी रॅम, छोटा पडदा, बटणे, हे सगळे धरून त्या प्रणालीसाठी वेगळे लिहिलेले आले. एरवी पाहुणा पाय आखडत नाही. इथे आखडले, कारण अंगण कोट्यवधी माणसांनी भरलेले होते. त्याच वर्षी जूनमध्ये गुगलनेही कायओएसमध्ये दोन कोटी वीस लाख डॉलर घातले होते. विंडोज फोनला दारात उभे न करणारी हीच ती गुगल. ताकदीच्या फोनाला जे जमले नाही ते गर्दीने जमवले.

गर्दीचा हा नियम चीनमध्ये आणखी ठळक दिसला. 2019 मध्ये अमेरिकेने निर्बंध घातल्यावर हुवावेला गुगलच्या सेवा बंद झाल्या, पुढे अद्ययावत चिप मिळणेही बंद झाले. 2023 मध्ये तिने मेट 60 प्रो काढला तेव्हा त्यातली चिप सात नॅनोमीटरची होती आणि ॲपल त्याच हंगामात तीन नॅनोमीटरवर पोचली होती. यंत्र मागे पडले तरी पुढच्याच वर्षी हुवावेने अँड्रॉइडची ॲप्स अजिबात न चालणारी हार्मनी प्रणाली बाजारात आणण्याचे धाडस केले. वीचॅटला त्यावर यावे लागले, आले. अर्थात तिथे राष्ट्राभिमान, सरकारचे पाठबळ आणि मुळातच गुगलविना वाढलेला बाजार हेही होते. ते सगळे कोणाला कर्जाने मिळत नाही.

अलीकडे पाहुण्यांची अट बदलली आहे, आणि आपल्याकडे तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. अनेक बँकांची आणि पैशांची ॲप्स उघडताना फोनला विचारतात, तुझ्यावर गुगलचा शिक्का आहे का? ‘प्ले इंटेग्रिटी’ नावाची ही तपासणी फोनच्या चिपमध्ये जपलेल्या किल्लीवर विसंबू शकते. शिक्का नसेल, तर सोळा जीबी रॅमचा फोनही दारातून परत पाठवला जातो. शिक्का असेल, तर चार जीबीचा जुना फोन मजेत भाजीवाल्याचे पैसे देतो. यंत्राकडून हवी असलेली गोष्ट आता ओळखपत्र आहे, आणि ते छापणारा छापखाना प्रतिस्पर्ध्याचा. 2023 च्या जानेवारीत आयआयटी मद्रासच्या छत्राखालची ‘भारओएस’ मंत्र्यांच्या हातात झळकली, तेव्हा चर्चा सुरक्षिततेची आणि स्वदेशीची झाली. यूपीआयचे ॲप त्यावर कोणाच्या परवानगीने उघडणार, हा प्रश्न त्या चर्चेत हरवला.

आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या ‘इंडस ओएस’चा हिशेब याहून व्यवहारी होता. अँड्रॉइडच्याच पाठीवर बसायचे, म्हणजे पाहुणे आपोआप येतात; आणि मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनांत मराठी, गुजराती, तमिळ लिहिणे-वाचणे सुखाचे करायचे. वेगळे राज्य मागितले नाही, गल्ली मागितली. पुढे फोनपेने ती विकत घेतली आणि 2024 च्या फेब्रुवारीत त्यातूनच इंडस ॲपस्टोअर निघाले. ज्यांच्या लक्षात आले, की भांडण रॅमचे नसून दुकानाच्या दाराचे आहे, त्यांत ही मंडळी आहेत.

जिओफोनचे पुढे काय झाले, तेही नोंदवून ठेवू. 2023 च्या जुलैत जिओने 999 रुपयांचा ‘जिओभारत’ काढला आणि त्याची ओळख करून देताना यूपीआय, सिनेमा आणि गाणी यांवर भर दिला. 2024 च्या जूनमध्ये कायओएसच्या स्टोअरमधून व्हॉट्सॲप नव्याने उतरवून घेणे बंद झाले, आधीपासून ज्यांच्याकडे होते त्यांना 2025 च्या सुरुवातीपर्यंतची मुदत मिळाली. त्या फोनांत काही बिघडले नव्हते. बटणे चालत होती, फोरजी चालत होते, रॅम 2017 मध्ये होती तेवढीच, 512 एमबी.